नाळेतली चुंदडी

६ जून

हेतलने वेरावळहून ही डायरी पाठवली. पहिल्या पानावर लिहिलंय, "बा, बापुजी खाटेवर आहेत, त्यांच्यावर ओरडू नकोस. यात ओरड." पोरगी सासरी गेली, पण तिच्या बाची, म्हणजे आईची, माझीच जीभ घेऊन गेली.

आजपासून कारखाना माझ्या अंगावर. हे चैत्रात परांचीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतो, दिवाळीपर्यंत काठी सुटायची नाही. मांगरोळ बंदरात फायबरच्या होड्या बांधणारी बाई आजवर कुणी पाहिली नव्हती. सकाळी शेडमध्ये शिरले तर सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले. आमचा जुना कारागीर ओसमाण तेवढा म्हणाला, "या बेन. आता शेठ तुम्हीच." म्हटलं, "शेठ नको म्हणूस, शेठला पोट असतं."

पहिल्याच दिवशी सगळ्यांना फैलावर घेतलं. हार्डनर आणि कोबाल्ट एकाच फळीवर! म्हटलं, या दोघी सासू-सुना आहेत. रेझिनमध्ये आधी एक ढवळायची, मग दुसरी. थेट एकमेकींच्या अंगावर गेल्या तर भडका उडेल, शेडही राहायची नाही आणि तुम्हीही. घासकामाला तोंडाला मास्क न लावता जो उभा राहील त्याने घरी जावं. काचेची धूळ आहे ती, पिठाची नाही.

आणि तेल! अंगाला खाज सुटू नये म्हणून ही मंडळी कोपरापर्यंत खोबरेल चोळून येतात. काचेच्या धाग्यांच्या मॅटवर तेलाचा एक डाग पडला की वरचा थर खालच्याला धरत नाही. वरून सगळं चकचकीत आणि आत पोकळ. म्हटलं, हातमोजे घाला, लांब बाह्यांचे सदरे घाला, खाज सुटली तर गार पाण्याने धुवा. तेल लावून आलेला हात मी मॅटला लागू देणार नाही.

एवढं बोलून घसा बसला. पण बरं वाटलं.

१४ जून

पहिली ऑर्डर आली. जिवीबेन आली होती, होडी चालवणाऱ्या लखमण तांडेलाची आई. त्यांची जुनी लाकडी होडी कुजली, मोडीत काढली. ती होडी माझ्या सासऱ्यांनी बांधलेली. जिवीबेनचा नवरा त्या होडीवर जन्मभर गेला आणि घरी, खाटेवर, तापाने वारला. ती म्हणते, शिकोतर माता, आमची दर्याची देवी, होडीत बसली होती म्हणून दर्याने त्याला हात लावला नाही.

सगळं ठरलं, लांबी ठरली, रंग ठरला. मग तिने पदराखालून एक गाठोडं काढलं. आत मातेची चुंदडी, देवीला वाहिलेली लाल ओढणी. जुन्या होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला फळ्यांच्या मधे, सासऱ्यांनी ठोकून बसवलेली. चाळीस वर्षांचं तूप, शेंदूर, माशाचं तेल, सगळं त्यात मुरलेलं. हातात घेतली तर बोटं लाल आणि ओशट.

जिवीबेन म्हणाली, "ही नव्या होडीच्या नाळेत घाल."

मी म्हटलं, "केबिनमध्ये काचेच्या चौकटीत लावू. छान दिसेल."

"माता काय फोटो आहे लावायला? ती होडीच्या हाडात बसते."

"मग निदान साबणाने धुऊन घेऊ."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या नातीला विकायला काढलं आहे. "मातेला धुणार? कंकु, जमत नसेल तर सांग. वेरावळला दुसरे कारखाने आहेत, ते घालतील."

पहिलीच ऑर्डर. ती गेली असती तर बंदरात सगळे म्हणाले असते, बाईकडून झालं नाही. मी म्हटलं, "घालते की. त्यात काय."

त्यात काय ते मला चांगलं माहीत आहे. आठ दिवसांपूर्वी इथेच लिहिलंय.

२२ जून

आज नाळेचे थर घातले. जिवीबेन आरतीचं ताट घेऊन आली, त्यात पेटता दिवा. मी शेडच्या दारातूनच ओरडले, "दिवा बाहेर! रेझिनच्या वासाला आग लागते." बिचारीने दिवा बाहेर दगडावर ठेवला आणि नुसत्या हाताने ओवाळलं. एवढी मी नियमाची पक्की.

ओसमाण म्हणाला, "बेन, मी चहा पिऊन येतो. मला काही दिसलेलं नाही."

दोन थर झाल्यावर मी चुंदडी पसरली. मनात होतं की जिवीबेनची पाठ फिरली की काढून घेईन. ती कसली हलते! स्टूल ओढून समोर बसली, जपमाळ काढली. मी वरून मॅट घातली, रेझिन ओतलं, रोलर फिरवला. चुंदडीच्या जागी रेझिन धरेना, तव्यावरच्या तेलात पाणी टाकल्यासारखं मागे सरत होतं. मी आणखी ओतलं. आणखी एक थर दिला. वरून झाकलं गेलं.

जिवीबेन माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आता मी झोपेन गं. ती होडी मोडल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

मी हातांना थिनर लावलं तरी नखांतला शेंदूर गेला नाही. यांनी विचारलं, "हातांना काय झालं?" म्हटलं, रंग.

११ जुलै

कपाळ माझं! आज एका सकाळी दोन ऑर्डरी. जिवीबेनने गावभर सांगितलंय, कंकुच्या फायबरमध्ये माता बसते. दामजी मोढाळा तर वेरावळला ठरवलेलं मोडून आला, हातात चुंदडी. त्याच्या मागे आणखी एक.

दोन्ही घेतल्या. हसून घेतल्या. "घालते की."

यावेळी मात्र मी शहाणी झाले. सांगितलं, थर घालताना बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही, वासाने छाती भरते. ते खरंही आहे. चुंदड्या पदरात घालून घरी आणल्या, देव्हाऱ्याच्या मागे डब्यात ठेवल्या. आता होड्या कशा टणटणीत होतील! ठोकलं की घंटेसारख्या वाजतील.

म्हणजे आता असं आहे: जिच्याशी खरं वागले तिची होडी खोटी, आणि ज्यांच्याशी खोटं वागले त्यांच्या होड्या खऱ्या. हेतल म्हणाली असती, बा, तुला हिशेब कधी जमलाच नाही.

४ ऑगस्ट

चार चुंदड्या झाल्या डब्यात. आज हे काठी टेकत देव्हाऱ्यापाशी आले, उदबत्ती लावली आणि म्हणाले, "आज देव्हाऱ्यात गर्दी वाटते." मी भांडी घासत होते, ऐकलं नाही असं दाखवलं.

१९ ऑगस्ट, नारियेळी पूनम

जिवीबेनची होडी पाण्यात उतरली. नाव 'शिकोतर कृपा'. ढोल, लापशी, नारळ, सगळं बंदर लोटलं होतं. यांना खुर्चीवर बसवून नेलं. लाकडाच्या कारागिराचा मुलगा, फायबरकडे अजून सवतीच्या पोरासारखं बघतात. होडीशी खुर्ची नेऊन बोटातल्या अंगठीने ठोकत बसले, इथे टण, तिथे टण. नाळेपाशी दोनदा ठोकलं, थांबले, पुन्हा ठोकलं. ढोलात मला काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "मला घरी ने." लापशीचा घास घेतला नाही. मत्सर, दुसरं काय! बायकोने बांधलेली होडी ना.

घरी आल्यावर आणखी एक खूळ. लखमणला निरोप पाठवला आणि दोन मोठे तरंगते टायर, नवेकोरे, आपल्या खर्चाने त्याला भेट दिले. मी म्हटलं, "आपल्या घरात काय टाकसाळ आहे?" तर म्हणाले, "पोरगा लांब जातो. असू दे." मग दिवसभर माझ्याकडे बघत होते.

जिवीबेनने जाताना मला मिठी मारली. तिच्या अंगाला गुळाचा वास येत होता. मला रडू आलं, तिला वाटलं आनंदाचं.

३ सप्टेंबर

काही झालेलं नाही. लखमण जातो, येतो, भरपूर मासळी आणतो. मी उगाच घाबरते. रोज सकाळी उठते ती बंदराच्या दिशेने कान लावून. होड्या परतल्या की 'शिकोतर कृपा'चा हिरवा झेंडा दिसेपर्यंत चहा हातात तसाच गार होतो. दिसला की स्वतःला म्हणते, बघ, धरलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

१२ सप्टेंबर

जिवीबेन साखर वाटत आली. "कंकु! मातेला घाम फुटला!"

धावत गेले. नाळेवर, अगदी चुंदडीच्या जागी, रंगाला फोड आलाय, हाताच्या पंजाएवढा. त्याच्या खालच्या कडेने लाल पाणी पाझरतंय, थेंब थेंब. बायका तो थेंब कपाळाला लावत होत्या. कुणी हार घातला होता. नारळांच्या करवंट्या पायात येत होत्या. सगळ्या म्हणाल्या, "कंकुच्या हाताला यश आहे. पाया पड, पुढे ये."

मी पुढे गेले. हळद-कुंकू वाहायच्या निमित्ताने अंगठीने ठोकलं. बद्द. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. वरच्या थरात चीर गेली आहे, समुद्राचं पाणी आत शिरतंय आणि शेंदूर घेऊन बाहेर येतंय. लाटेचा पहिला तडाखा नाळच खाते. आज पाणी बाहेर येतंय, एक दिवस थर सुटेल आणि आतच येईल. मग बादल्यांनी काही होत नाही. लखमण आणि त्याचे तीन खलाशी.

हे सगळं मला कळलं, आणि मी हात जोडून उभी राहिले. माझ्याही कपाळाला कुणीतरी ते लाल पाणी लावलं. मी पुसलं नाही.

१३ सप्टेंबर

लखमणला सांगायचं ठरवून धक्क्यावर गेले. तो जाळं दुरुस्त करत होता. म्हटलं, "लखमण, त्या नाळेचं जरा बघायला हवं."

तो हसला. "काकी, ते मातेचं काम. तुम्ही कशाला जीव खालीवर करता? आई रात्रीची घोरते हल्ली, माहीत आहे? जुनी होडी मोडल्यापासून पहिल्यांदा. शेजारी तक्रार करतात."

"तरीपण..."

"तरीपण काही नाही. हां, एक काम करा. बाटलीभर रेझिन द्या ना. थोडा हार्डनर, मॅटचा तुकडा. घरचा पंखा मोडलाय, चिकटवायचाय."

गेल्या आठवड्यातही घेऊन गेला होता, तेव्हा मोरी गळत होती. एवढ्या मोठ्या तांडेलाला फुकटचं घ्यायची काय सवय! पण मला नाही म्हणायला तोंड कुठे आहे? दिलं. बजावलं, हार्डनर डोळ्यात उडवू नकोस, उडाला तर आधी पाण्याने धू, भरपूर धू, मग डॉक्टर. तो म्हणाला, "पंख्याला डोळे नसतात काकी."

आणि मी, सांगायला गेलेली, पंख्याच्या गोष्टी करून परत आले.

२४ सप्टेंबर

बंदरावर वादळाचा बावटा. सगळ्या होड्या आत. देवा, किती छान झोपले मी! लोकांचा धंदा बुडतोय आणि मला झोप लागतेय. अशी ही बाई.

२७ सप्टेंबर

बावटा उतरला. सकाळी जिवीबेन सांगत आली, लखमण परवा लांब जाणार, पापलेटला, पाच-सहा दिवसांसाठी. "माता आहे बरोबर. मला काही नाही वाटत."

मी चुलीपाशी बसले होते. तोंडातून काय निघालं ते निघून गेल्यावर मला कळलं. म्हटलं, "जिवीबेन, माता माझ्या स्वप्नात आली."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, शपथ. पण तिचा चेहरा समोर होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, खारं पाणी सोसवत नाही. घाम फुटतो. मला जमिनीवर जागा दे."

जिवीबेनचे डोळे भरले. तिने माझे पाय धरले. माझ्यापेक्षा वयाने मोठी बाई! मी पाय मागे घेतले तर चुलीला टेकले, टाच भाजली. बरं झालं.

म्हणाली, "मी आंधळी. आम्ही घाम घाम म्हणून नाचत होतो आणि ती रडत होती."

३० सप्टेंबर

होडी वर ओढली. मी स्वतः मास्क, चष्मा, हातमोजे घालून नाळ कापली. कटरखाली वरचा थर सालपटासारखा उचलून आला. आत चुंदडी, निम्मी रेझिनमध्ये कडक झालेली, निम्मी तशीच ओली, चिकट. कसाबसा वाळलेला एकच थर समुद्राला धरून होता. तोही आतून बोटाने दाबला तर लवत होता.

आणि आतल्या बाजूला, नाळेच्या पोटात, कुणा गाढवाने ठिगळावर ठिगळ मारून ठेवलं होतं. मॅटचे वेडेवाकडे तुकडे, रेझिनचे ओघळ, पाच-सहा वेळा तरी लावलेले. मी ओसमाणला म्हटलं, "कुठला खलाशी आहे हा, ना विचारलं ना सांगितलं! असं करतात का काम?" ओसमाण लखमणकडे बघत होता. लखमण म्हणाला, "असेल कुणीतरी अडाणी, काकी." आणि डबे उचलायला लागला. त्याच्या बोटांवर रेझिनचे वाळलेले डाग आहेत. त्या पंख्याचं काम अजून चालूच आहे वाटतं.

सगळं खरवडलं, कापाच्या कडा लांब उतारात घासून घेतल्या, थिनरने पुसलं, विजेच्या दिव्याच्या उबेत कोरडं केलं. मग थर घातले, एकेक, हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. असं काम मी जन्मात केलं नसेल.

२ ऑक्टोबर

यांना खुर्चीवर आणलं. त्यांनी नाळ ठोकली. टण. दुसऱ्या बाजूने ठोकली. टण. म्हणाले, "आता बोलते." घरी जाऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या. मत्सर ओसरला म्हणायचा.

चुंदडीचं जे काही उरलं ते जिवीबेनने पाटावर बसवलं, घरात, उत्तरेच्या भिंतीशी. लखमण उद्यापासून जवळपास जाईल, मग लांब.

चला. संपलं एकदाचं. कुणाचा जीव गेला नाही. खोटं बोलले, पण कुणाचं वाईट झालं?

५ ऑक्टोबर

नवरात्र. दारात बायका. सकाळी सात जणी, संध्याकाळी मोजल्याच नाहीत. कंकुच्या स्वप्नात माता येते! एकीने तापलेलं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हात फिरव." मी म्हटलं, "अगं दवाखान्यात ने आधी!" तर ती रडत म्हणाली, "नेते, पण तू सांगितलंस म्हणून नेते." निदान नेलं तरी.

मग दामजी आला. त्याची होडी, माझ्या हातची, सणसणीत. तो म्हणाला, "माझ्याही मातेला खारं पाणी सोसत नसेल का? विचार ना तिला. कापायची का होडी?"

त्याची माता माझ्या देव्हाऱ्यामागच्या डब्यात आहे.

मी म्हटलं, "तुझी ठीक आहे. कापू नकोस." तो इतका खूश होऊन गेला! मी आत येऊन दार लावून घेतलं. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, पोटात दुखतंय. ते म्हणाले, "पोटातलं बाहेर काढल्याशिवाय पोटदुखी थांबत नाही, कंकु." मी ओवा खाल्ला.

७ ऑक्टोबर

आज दुपारी जिवीबेन आली ती उंबऱ्यातच बसली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. विचारलं, काय गं? तर म्हणाली, "चार दिवस झोप नाही. कंकु, तू मातेशी बोलतेस म्हणून तुलाच विचारते. मातेला जागा दिली. रोज तुपाचा दिवा लावते. ती सुखात आहे. पण मग आता होडीत कोण आहे?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"माझ्या लखमणबरोबर कोण आहे तिथे? तिला विचार ना."

किती साधा प्रश्न! मी आणखी एक स्वप्न सांगू शकले असते. जिभेवर आलंही होतं: माता म्हणते, मी घरी असले तरी माझा हात होडीवर आहे. तिने लगेच मानलं असतं, रात्री घोरली असती. आणि मी उद्या आणखी एक सांगितलं असतं, परवा आणखी.

मी तिच्यासमोर उंबऱ्याच्या आत बसले. म्हटलं, "स्वप्न पडलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खोटं बोलले. तो घाम नव्हता. होडी फुटत होती. चुंदडीला तेल होतं, तेलावर फायबर धरत नाही. नाळ सुटली होती. कापायला लावायचं म्हणून स्वप्न रचलं."

तिने पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"घालायच्या आधीपासून माहीत होतं."

"मी स्टुलावर बसले होते तेव्हा?"

"हो."

"आणि आम्ही तिथे नारळ फोडत होतो, तो लाल टिळा लावत होतो, तेव्हा?"

"हो, जिवीबेन. मीही लावून घेतला."

"आणि त्यानंतर लखमण रोज जात होता."

मी मान हलवली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी चिडले असते. आठ दिवस बोलले नसते. एवढंच झालं असतं ना?"

एवढंच झालं असतं. एवढ्यासाठी मी चार माणसं पाण्यावर ठेवली.

मग बाकीचंही सांगितलं, डब्यातल्या चार चुंदड्या, दामजी, सगळं. तिने कपाळाला हात लावला. "अगं, तू काही शिल्लक ठेवलंस की नाही?" उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "परवा पहाटे लखमण जातोय. तू जा त्याच्याबरोबर. नाळेवर बस. मातेची जागा तूच रिकामी केलीस."

मी म्हटलं, "जिवीबेन, आम्हा खारव्यांची, दर्यावर जाणाऱ्यांच्या जातीची बाई होडीत बसते का कधी? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "माता काय बाप्या होती?"

८ ऑक्टोबर

चारही चुंदड्या ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या. दामजीने अंगणात उभं करून शिव्या दिल्या, त्याच्या आईने चुंदडी छातीशी धरली आणि दार लावून घेतलं. दोन ऑर्डरी गेल्या. दारातल्या बायका कालच्या कालच गेल्या, एक परत येऊन थुंकून गेली. मी पुसून काढलं.

यांना सगळं सांगितलं. ते पाण्याचा तांब्या हातात घेऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "टायर होडीतच आहेत. एक तुझ्याजवळ ठेव." आता यात टायर कुठून आले! हाडाबरोबर डोक्यालाही मार लागला होता की काय कोण जाणे.

९ ऑक्टोबर

जाऊन आले.

धक्क्यावर माणसं जमली होती, काही हसत होती. लखमणने हात दिला, एका शब्दाने काही विचारलं नाही. खलाशी माझ्याकडे पाठ करून बसले. मी नाळेवर, नव्या थरांच्या मागे, पाय पसरून बसले आणि तळहात आतून टेकवला. खाडीबाहेर पडल्याबरोबर ओकले. मग पुन्हा ओकले. पंचेचाळीस वर्षं समुद्राकाठी काढली, होड्या बांधल्या, आणि लाट म्हणजे काय ते आज कळलं. प्रत्येक लाट नाळेवर आपटते ती सरळ तळहातात येते. दणका. मग पुन्हा दणका. मला वाटायचं, या वेळी सुटणार. सुटलं नाही. दिवसभर हात काढला नाही. जेवायला लखमणने भाकरी दिली ती डाव्या हाताने खाल्ली.

मनात सारखं एकच येत होतं. एवढे दिवस त्या सुटलेल्या थरामागे हे चौघं असेच बसले होते आणि मी घरी चहा पीत होते.

संध्याकाळी परतलो तेव्हा जिवीबेन धक्क्यावर उभी होती. सकाळपासून तिथेच आहे म्हणे. तिने वाकून नाळेच्या आत हात घातला, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला, बाहेर काढून बघितला. कोरडा. तो पदराला पुसला आणि लखमणची मासळीची पाटी उचलायला लागली.

मी दोर धरून खाली उतरले. म्हटलं, "झालं ना जिवीबेन?"

तिने पाटी डोक्यावर घेतली. "उद्या तो पुन्हा जाणार. तूही ये."

"कुठवर?"

"मला झोप लागेपर्यंत."

आणि ती चालू लागली. मी घरी आले, अंग धुतलं, ओलं लुगडं दोरीवर टाकलं. उद्यासाठी दुसरं काढून ठेवलंय.